अवकाशात फुटबॉल खेळायचा तर पोशाख कसा हवा?

(ऊस विकास विभागाकडून)



बेणे, खत आणि पाणी हे आमचे नेहमीचे विषय. या अंकात ते बाजूला ठेवून आम्ही फुटबॉलबद्दल लिहिणार आहोत, आणि तोही जमिनीवरच्या नव्हे, अवकाशातल्या. काही मंडळी हसतील, काही म्हणतील की साहेबांना हंगाम संपल्यावर काम उरलेले दिसत नाही. पण हा विषय आमचा नाही. क्षेत्रभेटीला गेलो असता आपल्याच सभासदांच्या मुलांनी तो काढला, आणि त्याचे कारण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात घडलेले आहे.

सिंदेवाहीत काय पडले?

सिंदेवाही म्हटले की आपल्याला धानाचे संशोधन केंद्र आठवते. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, या तालुक्याचे नाव निराळ्याच कारणाने सगळीकडे झाले. विदर्भातच नव्हे, तर गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोकांनी आभाळात जळत जाणारी लांब रेघ पाहिली. लाडबोरी गावाजवळ सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. दुसऱ्या दिवशी पवनपार गावाच्या बाजूला एक गोल, पोकळ गोळा सापडला. आसपास आणखीही काही तुकडे मिळाले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये उडवलेल्या ‘लाँग मार्च ३-बी’ अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे खगोलशास्त्रज्ञांनी कक्षेचे गणित करून सांगितले.

त्या रात्री कोणी म्हणाले विमान पडले, कोणी म्हणाले तारा तुटला, कोणी काय अन् कोणी काय. पोट्ट्यांचे लक्ष मात्र गोळ्यावर. छायाचित्र पाहून एका गावात एकाने आम्हाला सरळ विचारले, “सायेब, वरतं फुटबॉल खेलते का कोणी?”

तो गोळा फुटबॉल नव्हता. अग्निबाणात वायू दाबून भरावा लागतो, त्याची ती टाकी. पण टाकी गोल का करतात, हे समजले की फुटबॉल गोल का, हेही समजते. आतला वायू सर्व बाजूंनी सारखा रेटा देतो. गोल आकारात तो रेटा सगळीकडे सारखा वाटला जातो, एखाद्या कोपऱ्यावर जास्त ताण येत नाही. म्हणून कमी वजनाच्या टाकीत जास्त दाब धरता येतो. म्हणजे पोराने गोळ्याला फुटबॉल म्हटले ते अगदीच वावगे नव्हते.

खेळले आहेत का कोणी?

खेळले आहेत. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो-१४ मोहिमेतील ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. त्यांनी गोल्फच्या काठीचे नुसते टोक नेले होते. माती गोळा करण्याच्या हत्याराच्या दांड्याला ते बसवून त्यांनी काठी तयार केली. पोशाख इतका ताठर की दोन्ही हातांनी काठी फिरवता येईना, म्हणून एका हाताने मारले. चेंडू मैलोगणती गेला, असे त्यांनी तेव्हा गमतीने सांगितले. बऱ्याच वर्षांनी छायाचित्रांवरून मोजले, तर एक चेंडू सुमारे २२ मीटर आणि दुसरा सुमारे ३७ मीटर गेला होता. चंद्रावर वजन सहापट कमी, वाऱ्याचा अडथळा नाही, तरी चेंडू एवढाच गेला. अडचण चंद्राची नव्हती, पोशाखाची होती. हे सभासदांनी ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तर फुटबॉलच खेळला गेला. २०१४ च्या विश्वचषकाच्या वेळी तिथल्या अंतराळवीरांनी तरंगत तरंगत चेंडू मारून दाखवला, आणि २०१८ साली रशियन अंतराळवीरांनीही. २०१८ च्या त्या चेंडूचे नाव ‘टेलस्टार’. १९७० च्या विश्वचषकात याच नावाचा काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा चेंडू आला होता, आणि त्याच्या आधी, १९६२ साली, याच नावाचा दूरचित्रवाणीचे संदेश नेणारा उपग्रह आभाळात गेला होता. पुष्कळांच्या डोळ्यांसमोर फुटबॉल म्हणून जे काळे-पांढरे चित्र उभे राहते, ते त्या चेंडूपासून रूढ झाले.

तेव्हा पोरांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही तो उलटा त्यांच्याकडेच टाकला. म्हटले, खेळायचे आहे ना, मग पोशाख, बूट आणि चेंडू कसा हवा, ते तुम्हीच सांगा. तीन-चार गावांत मुलांनी दिलेली उत्तरे आणि त्यांची तपासणी पुढे देत आहोत.

पहिली जागा : स्थानकाच्या आत

स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने फिरते. तिथे गुरुत्व नसते असा समज आहे, तो खरा नाही. तिथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते. पण स्थानक आणि आतली माणसे एकत्रच पडत असतात, आणि वेग एवढा की पडता पडता पृथ्वीला वळसाच घातला जातो. विहिरीत सोडलेल्या बादलीचा दोर तुटला तर खाली पोचेपर्यंत बादली आणि आतले पाणी बरोबरच पडते, पाण्याचा भार बादलीच्या तळावर राहत नाही. तसेच हे.

आता हिशेब पाहा. मुलाचे वजन ४३ किलो, चेंडूचे ४३० ग्रॅम, म्हणजे शंभराला एक. तरंगत्या मुलाने सेकंदाला १५ मीटर वेगाने चेंडू मारला, तर तो स्वतः सेकंदाला १५ सेंटिमीटर वेगाने उलट्या दिशेने निघेल, १० सेकंदांत दीड मीटर मागे. लाथ शरीराच्या मध्यातून बसत नाही, म्हणून गिरक्याही घेईल. गोलकीपरची तर याहून पंचाईत. चेंडू पकडला तरी चेंडूसकट हळूहळू गोलात जाणार!

यावर एका मुलाने सांगितले, “बैलाले दावं बांधतो तसं कमरेले बांधू.” दुसऱ्या गावात एक मुलगी म्हणाली, की धान कापायला गेलो की कपड्याला कुसळे चिकटतात, तसे काही बुटाला आणि भिंतीला लावावे. तिला ठाऊक नव्हते, पण ही युक्ती जगाला फार उपयोगी पडलेली आहे. जॉर्ज दे मेस्त्राल या स्विस अभियंत्याने १९४१ साली शिकारीहून परतताना कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळे भिंगाखाली पाहिली. त्यांच्या टोकाला बारीक आकडे दिसले. त्यावरून त्याने आकडे आणि फासे असलेली चिकटपट्टी काढली, ती वेल्क्रो. आज मुलांच्या दप्तराला आणि चपलेला ती असते, आणि अवकाशयानात वस्तू तरंगून जाऊ नयेत म्हणूनही तीच वापरतात.

बुटांबाबत आणखी एक गोष्ट. स्थानकात चालणे नाही, त्यामुळे तळवे मऊ पडतात. आधारासाठी पाय दांड्यांखाली अडकवतात, त्यामुळे पायाची वरची बाजू राठ होते. म्हणून तिथल्या बुटाला जाड तळ नको, वरून गादी हवी. बूट म्हटला की तळ आधी, हा आपला ठोकताळा तिथे उपयोगाचा नाही.

घामाचेही तसेच. जमिनीवर घाम ओघळतो, तिथे ओघळायला खालची बाजूच नाही. तो अंगालाच धरून बसतो. म्हणून सदरा घाम शोषणारा हवा आणि हवेचा झोत हवा.

दुसरी जागा : चंद्र

चंद्रावर खाली-वर आहे, पण ओढ सहावा हिस्सा. ६० किलोच्या गड्याचा भार १० किलोएवढाच भासेल. मुलांना वाटले, मग पळायला मजा. इथे थोडा घोटाळा आहे. भार कमी झाला तरी अंगातला जडपणा तेवढाच राहतो. भरली बैलगाडी चिखलातून घसरत निघाली की जशी आवरत नाही, तसे धावणाऱ्याला थांबता येणार नाही, कारण जमिनीवर पाय रोवायला भारच कमी. म्हणून बुटाला खोल खिळे हवेत, हे एका मुलाचे उत्तर आम्ही बरोबर धरले.

चेंडूचा हिशेब असा. सेकंदाला २० मीटर वेगाने ४५ अंशात मारलेला चेंडू पृथ्वीवर, हवेचा अडथळा सोडून धरला, तर सुमारे ४१ मीटर जाईल. चंद्रावर तोच सुमारे २४७ मीटर जाईल, म्हणजे दोन मैदाने ओलांडून पुढे, आणि १७ सेकंद वरच राहील. तोवर खालचे खेळाडू बिडी ओढून घेतील, असे एक बापू म्हणाले; पण हवाच नाही म्हटल्यावर बिडी पेटायचीही नाही. तेव्हा चेंडू जड करावा, की मैदानावर जाळे टाकावे, हा वाद मुलांत अजून मिटलेला नाही.

हवा नसण्याचा परिणाम चेंडूच्या आतही होतो. बाहेरची हवा चेंडूला आत दाबते आणि आतली बाहेर. बाहेरची गेली की इथे बेताने भरलेला चेंडू तिथे तट्ट फुगेल. म्हणून तिथे नेण्याचा चेंडू इथे ढिला, पिचका वाटेल एवढाच भरला पाहिजे.

पंचाची शिट्टीही निरुपयोगी, कारण आवाज हवेतून येतो. त्यावर एका मुलाने हातात दिवा द्यायला सांगितले. आणि पोशाखाचा रंग? उन्हाचा ताप परतवायला पांढरा. पण सगळेच पांढरे, तर गडी ओळखायचा कसा? हा प्रश्न खऱ्या मोहिमांतही पडला होता. पहिल्या दोन चांद्रमोहिमांच्या छायाचित्रांत कोण कोणता हे ओळखणे कठीण गेले. म्हणून पुढच्या मोहिमांत प्रमुखाच्या पोशाखावर लाल पट्टे आले. खेळाडूच्या पाठीवरच्या नंबराचे जे काम, तेच या पट्ट्यांचे.

पोशाख म्हणजे अंगावरचे घर

अवकाशातला पोशाख म्हणजे नुसता कपडा नव्हे. आत श्वासाची हवा दाबाने भरलेली असते, त्यामुळे तो फुगलेल्या ट्यूबसारखा ताठ होतो. गुडघा वाकवायचा तर दर वेळी त्या फुगवट्याशी झुंज. अपोलोच्या काळचा पोशाख पाठीवरच्या यंत्रासह पृथ्वीवर ९० किलोच्या आसपास भरे. शेपर्डचा चेंडू लांब का गेला नाही, ते आता कळेल. म्हणून खेळाडूच्या पोशाखात सगळ्यात महत्त्वाचे सांधे : घोटा, गुडघा, कंबर.

आणि आत काय असते? ठिबक! अंगालगत एक कपडा असतो, त्यात बारीक नळ्या शिवलेल्या. स्थानकावरून बाहेर जाताना जो पोशाख वापरतात, त्यात अशा नळ्या ९० मीटरच्या आसपास असतात. त्यांतून गार पाणी फिरवून अंगाची उष्णता काढून नेतात. आपले ठिबक मुळाशी पाणी देते, हे ठिबक अंगाचा ताप नेते, एवढाच फरक. हे सांगितल्यावर ज्यांच्या रानात ठिबक आहे त्यांच्या मुलांनी लगेच विचारले, “नळीत कचरा अडकला तर?” हा प्रश्न ज्याने कधी फिल्टर साफ केला आहे, त्यालाच सुचतो.

माप कोणाचे?

एका गावात एक मुलगी गप्प बसून होती. शेवटी म्हणाली, “माप कोनाचं घ्याचं? आमच्या शाळेत बूट आले तं सारे पोट्ट्यायच्याच मापाचे.” सगळे हसले. आम्हाला हसू आले नाही, कारण हेच अवकाशातही घडले आहे.

मार्च २०१९ मध्ये दोन महिला अंतराळवीरांनी एकत्र स्थानकाबाहेर जाऊन काम करायचे ठरले होते. दोघींनाही मध्यम मापाचा धडाचा भाग लागत होता आणि त्या मापाचा एकच तयार होता. शेवटी एकीच्या जागी पुरुष सहकारी गेला. दोन महिलांनी मिळून बाहेर जाण्याचे ते काम १८ ऑक्टोबर २०१९ रोजी झाले, क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर यांनी ते केले. कर्तबगारी होती, शिक्षण होते, पोशाख नव्हता. ज्याचे माप घेतलेच नाही, तो मैदानाबाहेर राहतो. घरोघरी मुलींच्या बापांनी हे लक्षात घ्यावे.

एका रबराची गोष्ट

मुलांनी चेंडूला रबर सुचवले तेव्हा आम्ही त्यांना चंद्राचे हवामान सांगितले : दिवसा १२० अंशांच्या आसपास, रात्री उणे १३० अंशांच्याही खाली. साधे रबर एवढ्या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते. आणि मग ही गोष्ट सांगितली.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. आतले सातही जण गेले. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. अग्निबाणाच्या सांध्यातले रबरी कडे थंडीने कडक झाले, सांधा पुरता मिटला नाही आणि तापलेला वायू बाहेर पडला. आदल्या रात्री काही अभियंत्यांनी थंडीत उडवू नका असे सांगितले होते, ते मानले गेले नाही. पुढे चौकशी मंडळावरील शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून तो कसा मरगळतो, ते सर्वांसमोर दाखवले.

त्या यानात एक फुटबॉल होता. एलिसन ओनिझुका या अंतराळवीरांची मुलगी ज्या शाळेत होती, तिथल्या खेळाडूंनी सह्या करून तो दिला होता. यान गेले, माणसे गेली, पण चेंडू अवशेषांत सापडला आणि शाळेत परत आला. तीस वर्षांनी, २०१६-१७ मध्ये, शेन किंब्रो हे अंतराळवीर तोच चेंडू अवकाश स्थानकात घेऊन गेले. मुलांनी दिलेला चेंडू शेवटी जिथे जायचा होता तिथे पोचला.

ही गोष्ट सांगताना पोरे एकदम शांत झाली. आम्हाला त्यातून सांगायचे ते एवढेच : वस्तू चांगली असून भागत नाही, ती त्या जागेला आणि त्या दिवसाला चालली पाहिजे. म्हणूनच जमीन पाहिल्याशिवाय, पाण्याचा निचरा पाहिल्याशिवाय आम्ही कोणाला बेण्याची जात सांगत नाही. शेजाऱ्याच्या रानात आली म्हणून आपल्याही रानात येईल, हा हट्ट शेतीत एक हंगाम घेऊन जातो. तिथे सात जीव गेले.

आपल्या मुलांचे ते काम नव्हे काय?

काही सभासद म्हणतात, हे शहरातल्या, मोठ्या शाळांतल्या मुलांचे काम. आमच्या जंगलातल्या पोरांना काय करायचे अवकाश? त्यांना आम्ही एकच उदाहरण देतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेली मुले, जिथे हवा एक-तृतीयांश उरते अशा जागी, प्राणवायूची नळी लावून, बोजड पोशाख घालून उभी राहिली. पोशाख, बूट, श्वास आणि पाऊल यांचा मेळ त्यांनी अंगाने शिकून घेतला. अवकाशाच्या वाटेवरचा हा मोठाच टप्पा म्हणायचा.

भारताचे म्हणाल, तर १९८४ साली राकेश शर्मा गेले, आणि नंतर थेट २०२५ साली शुभांशु शुक्ला स्थानकात जाऊन राहिले. मधे ४१ वर्षे गेली. पुढच्या मंडळींना इतका वेळ लागणार नाही. त्यांचे पोशाख, बूट, हातमोजे कोणीतरी आखणारच. ज्याला चिखलात पाय का रुततो, दोर कुठे काचतो, नळी कशाने तुंबते, कुसळ कसे चिकटते हे ठाऊक आहे, त्या मुलाकडे अर्धी विद्या आधीच आहे. उरलेली अर्धी शाळेत मिळते. म्हणून हंगामात मनुष्यबळ कमी पडते म्हणून पोराला शाळेतून काढू नये, आणि त्याने प्रश्न विचारला तर “गप बस” म्हणू नये. उत्तर येत नसेल तर गुरुजींकडे पाठवावे, आमच्याकडे पाठवावे.

मुलांसाठी काम

सभासदांच्या मुला-मुलींनी, तसेच आपल्याकडे तोडणीला येणाऱ्या मजुरांच्या मुलांनीही, अवकाशात फुटबॉल खेळण्याच्या पोशाखाचे चित्र काढून आपल्या गट कार्यालयात आणून द्यावे. नमुना करायचा असल्यास बांबू, चिंध्या, जुनी ट्यूब, ठिबकच्या निकामी नळ्या चालतील. विकत काही आणू नये. चित्राखाली तीन गोष्टी लिहाव्यात :

१) खेळ कोणत्या जागी आहे : स्थानकात की चंद्रावर?
२) त्या जागेची कोणती अडचण या पोशाखाने दूर होते?
३) पोशाख कोणाच्या मापाचा आहे आणि माप कसे घेतले?

चित्र सुबक नसले तरी चालेल, कारण लिहिलेले हवे.

आणि एक सूचना. सिंदेवाहीसारखी वस्तू पुन्हा कुठे बांधीत, बोडीत किंवा जंगलात पडलेली आढळली, तर तिला हात लावू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये, भंगारात तर मुळीच घालू नये. अशा टाक्यांत विषारी द्रव्याचा अंश असू शकतो. पोलीस पाटलांना किंवा तहसील कार्यालयाला ताबडतोब कळवावे. खेळायचे असेल तर आपला चिंध्यांचा चेंडू बरा.

चित्रे पाठवताना मुलाचे नाव, इयत्ता आणि सभासद क्रमांक लिहावा. तोडणी मजुरांच्या मुलांनी टोळीच्या मुकादमाचे नाव लिहिले तरी पुरे.